विल्यम ब्रुक ओ'शॉनेसी

सर विल्यम ब्रुक ओ'शॉनेसी (जन्म : ऑक्टोबर १८०९, लिमरिक, आयर्लंड, मृत्यू : ८ जानेवारी १८८९, साउथसी, इंग्लंड) हे आयरिश वैद्य, रसायनशास्त्रज्ञ आणि भारतातील तारायंत्र सेवेचे संस्थापक होते. कोलकात्यात रसायनशास्त्र शिकवीत असताना त्यांनी १८३९ मध्ये विजेच्या साहाय्याने संदेश पाठविण्याचे प्रयोग केले. पुढे १८५० च्या दशकात कोलकाता, आग्रा, मुंबई व मद्रास ही शहरे त्यांच्या देखरेखीखाली तारेने जोडली गेली.

शिक्षण आणि पटकीवरील संशोधन

ओ'शॉनेसी यांचे वैद्यकीय शिक्षण एडिंबरा विद्यापीठात झाले व १८२९ मध्ये त्यांनी एम.डी. पदवी मिळविली. १८३१ मध्ये इंग्लंडमध्ये पटकीची साथ आली, तेव्हा त्यांनी रुग्णांच्या रक्ताचे रासायनिक पृथक्करण केले. रक्तातील पाणी, क्षार व अल्कली यांचे प्रमाण घटते, असे त्यांना आढळले. ही तूट भरून काढावी, हा त्यांच्या संशोधनाचा निष्कर्ष होता. त्याच आधारावर १८३२ मध्ये टॉमस लाटा या वैद्याने रुग्णांच्या शिरेतून क्षारद्रव देण्याचा उपचार केला. आजच्या सलाइनचे मूळ या कामात आहे.

भारतातील अध्यापन

१८३३ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत साहाय्यक शल्यचिकित्सक म्हणून बंगालमध्ये आले. १८३५ मध्ये स्थापन झालेल्या कोलकाता मेडिकल कॉलेजात त्यांनी रसायनशास्त्राचे प्राध्यापक म्हणून काम केले आणि विद्यार्थ्यांसाठी रसायनशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहिले. भारतीय औषधी द्रव्यांचाही त्यांनी अभ्यास केला. १८३९ मध्ये त्यांनी भांगेच्या औषधी उपयोगांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यामुळे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या वनस्पतीकडे वेधले गेले. १८४३ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

१८३९ चे प्रयोग

कोलकात्याजवळच्या वनस्पती उद्यानात त्यांनी बांबूंच्या रांगांवर तार पुनःपुन्हा वळवून लांब पल्ल्याचे मंडल उभारले. त्यांच्या नोंदीनुसार त्याची लांबी २१ मैल होती व त्यातील सुमारे ७,००० फूट भाग हुगळी नदीच्या पाण्यातून जात होता. दोन्ही टोकांना एकाच वेळेवर चालणारी घड्याळे ठेवून, बोटांना बसणाऱ्या विजेच्या सौम्य धक्क्यावरून अक्षर ओळखावयाचे, अशी एक पद्धत त्यांनी योजली होती. अमेरिकेतील सॅम्युअल मोर्सच्या वॉशिंग्टन–बाल्टिमोर तारमार्गाच्या पाच वर्षे आधीचे हे काम होते. तथापि सरकारने त्याची दखल घेतली नाही आणि हा विषय दहा वर्षांहून अधिक काळ मागे पडला.

तार खात्याची उभारणी

गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी तारायंत्राचे प्रशासकीय व लष्करी महत्त्व ओळखले. १८५० मध्ये कोलकाता ते डायमंड हार्बर या प्रायोगिक मार्गाचे काम ओ'शॉनेसी यांच्याकडे सोपविण्यात आले व १८५१ मध्ये तो कंपनीच्या कामासाठी खुला झाला. या कामात शिवचंद्र नंदी हे त्यांचे प्रमुख सहकारी होते. नंदी हे भारतातील आरंभीच्या तारतज्ज्ञांपैकी एक मानले जातात.

युरोपातील सामग्री महाग होती आणि इथल्या हवामानात टिकणारी नव्हती. म्हणून ओ'शॉनेसी यांनी बारीक तारेऐवजी जाड लोखंडी सळ्या वापरल्या. माकडे व पक्षी त्यांवर बसले तरी त्या तुटत नसत. खांबांसाठी त्यांनी बांबू वापरले, तर जमिनीखालील सळ्यांभोवती राळ व वाळू यांच्या मिश्रणाचे आवरण दिले. संदेश ग्रहण करणारे उपकरणही अगदी साधे होते. तारेच्या वेटोळ्याजवळ टांगलेली चुंबकसूची विद्युत्प्रवाहाच्या दिशेप्रमाणे डावीकडे वा उजवीकडे वळे आणि त्या हालचालींच्या क्रमावरून अक्षरे वाचली जात. हे उपकरण स्थानिक कारागिरांना बनविता व दुरुस्त करता येत असे.

१८५२ मध्ये ते तार खात्याचे अधीक्षक झाले. नोव्हेंबर १८५३ मध्ये सुमारे ४,००० मैल (६,४०० किमी) तारमार्गांचे काम सुरू झाले. मार्च १८५४ मध्ये कोलकात्याहून आग्र्यास संदेश गेला. आग्र्याहून ग्वाल्हेर व इंदूरमार्गे मुंबईपर्यंत आणि मुंबईहून पुणे व बेळ्ळारीमार्गे मद्रासपर्यंत तार पोहोचली. फेब्रुवारी १८५५ मध्ये ही सेवा जनतेसाठी खुली झाली. १८५६ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. त्याच सुमारास सूचीयंत्राच्या जागी मोर्स पद्धत स्वीकारण्यात आली.

१८५७ चा उठाव

मे १८५७ मध्ये दिल्लीतील तारघरातून अंबाल्यास उठावाची सूचना गेली आणि ती पंजाबातील इंग्रज अधिकाऱ्यांना वेळेत मिळाली. उठावकर्त्यांनी अनेक ठिकाणी तारा तोडल्या व खांब उखडले. तारायंत्र हे परकीय सत्तेचे प्रभावी साधन आहे, हे दोन्ही पक्षांनी ओळखले होते.

उत्तरायुष्य आणि वारसा

प्रकृतीच्या कारणास्तव ओ'शॉनेसी यांनी १८६० मध्ये भारत सोडला. १८६१ मध्ये त्यांनी आपले नाव विल्यम ओ'शॉनेसी ब्रुक असे बदलले. त्यानंतरचे आयुष्य त्यांनी प्रसिद्धीपासून दूर घालविले.

सूची, वेटोळे, कळ व विद्युत्घट ही तारायंत्राची अंगे पुढे शालेय विज्ञानात विद्युत्चुंबकत्व शिकविण्याची साधने ठरली. अशा प्रयोगांसाठी वापरला जाणारा लेक्लांशे घट जस्त, कार्बन, नवसागर व मँगनीज डायऑक्साइड यांपासून बनतो. भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग खाणीतून विद्युत्घटांना लागणारे हेच मँगनीज खनिज काढले जाते. भारतातील सार्वजनिक तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. चुंबकसूचीचा प्रयोग मात्र शाळांतून आजही केला जातो.