हवेवर धावणारे चाक

औंढा नागनाथच्या रस्त्यावर सकाळी उभे राहिलात, तर डोळे मिटूनही कोणती बैलगाडी आली ते तुम्ही ओळखू शकाल. जुन्या लाकडी चाकांची गाडी दुरूनच खडखडत येते. तिच्या चाकावर लोखंडाची पट्टी असते. या पट्टीला मराठीत धाव म्हणतात. लोहार ही धाव भट्टीत लालभडक तापवतो, चाकावर चढवतो आणि लगेच तिच्यावर पाणी ओततो. गरम लोखंड थंड होताना आकसते आणि लाकडी चाकाला घट्ट आवळून धरते. चाक मजबूत होते. पण रस्त्यावरचा प्रत्येक दगड गाडीवानाच्या कंबरेला कळतो. अशा गाड्या आता थोड्याच उरल्या आहेत. दुसरी गाडी रबरी टायरची. ती अगदी जवळ आली तरी फक्त बैलांच्या गळ्यातील घुंगरे ऐकू येतात. रस्ता तोच, बैल तेच. मग फरक कशाचा? टायरमध्ये कोंडलेल्या हवेचा.

हवा हा शब्द तुमच्या उर्दूत आहे आणि मराठीतही आहे. तो आपल्याला नव्याने शिकावा लागत नाही. पण ही हवा चाकात भरावी, हे माणसाला सुचायला हजारो वर्षे लागली. उत्तर भारतात काही ठिकाणी टायरच्या बैलगाडीला लोक डनलप म्हणतात. ते एका माणसाचे नाव आहे, हे म्हणणाऱ्यांना ठाऊकही नसते. त्या माणसाची गोष्ट आज आपण वाचणार आहोत.

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. ते वेळेच्या दोन महिने आधी जन्मले होते, असे त्यांना घरी सांगितले गेले. त्यामुळे आपली प्रकृती नाजूक आहे, अशी त्यांची समजूत झाली आणि ती जन्मभर टिकली. ते नेहमी जपून राहत. प्रत्यक्षात त्यांना कधी मोठा आजार झाला नाही आणि ते ८१ वर्षे जगले!

डनलॉप एडिंबरो येथे जनावरांचे वैद्यक शिकले. वयाच्या १९ व्या वर्षी ते पदवी घेऊन बाहेर पडले. पुढे ते आयर्लंडला गेले आणि बेलफास्ट शहरात त्यांनी दवाखाना काढला. त्या काळी शहरातील सगळी वाहतूक घोड्यांवर चाले. घोडा लंगडला की गाडी बंद आणि गाडीवानाची रोजी बंद. त्यामुळे जनावरांच्या डॉक्टरांना काम भरपूर होते. डनलॉप यांचा दवाखाना आयर्लंडमधील मोठ्या दवाखान्यांपैकी एक झाला. ते काही यंत्रांचे अभ्यासक नव्हते की कारखानदारही नव्हते. लांब दाढीचे, शांत स्वभावाचे ते डॉक्टर होते. चाकाचा शोध अशा माणसाच्या हातून लागावा, याचे मला नेहमी नवल वाटते. पण खडबडीत रस्त्यावर धावणारे घोडे आणि त्यांच्या मागच्या गाड्या यांचे हाल रोज पाहणारा माणूसही तोच होता.

त्यांना जॉनी नावाचा मुलगा होता. तो नऊ-दहा वर्षांचा असेल. त्याच्याकडे तीनचाकी सायकल होती. तिच्या चाकांवर भरीव रबराची पट्टी होती. बेलफास्टचे रस्ते दगडी फरशांचे. सायकल चालवताना जॉनीला सारखे धक्के बसत. मुलाला होणारा हा त्रास कसा कमी करावा, याचा वडील विचार करू लागले.

ऑक्टोबर १८८७ मध्ये त्यांनी एक प्रयोग केला. लाकडाची एक गोल तबकडी घेतली. तिच्या कडेने पातळ रबराची नळी बसवली. नळी जागेवर राहावी म्हणून तिच्यावर कापड ताणून खिळ्यांनी पक्के केले. मग फुटबॉलमध्ये हवा भरण्याच्या पंपाने नळीत हवा भरली. आता एका हाताने जॉनीच्या सायकलचे जुने चाक आणि दुसऱ्या हाताने ही तबकडी घेऊन त्यांनी दोन्ही अंगणात घरंगळत सोडली. सायकलचे चाक थोडे अंतर गेले, डगमगले आणि आडवे पडले. हवेची तबकडी मात्र सगळे अंगण ओलांडून पलीकडे जाऊन आपटली.

मित्रांनो, असे का झाले असेल? भरीव चाकासमोर खडा आला की सगळे चाक वर उचलले जाते. त्यात त्याचा बराच जोर वाया जातो. हवेचे चाक खड्यावर नुसते दबते आणि पुन्हा फुगते. खड्याला ते जणू पोटात घेते. म्हणून त्याचा जोर शिल्लक राहतो आणि ते दूर जाते. डनलॉप शोधत होते आराम. त्यांना सापडला आराम आणि वेग, दोन्ही.

१८८८ च्या सुरुवातीला एका रात्री जॉनीच्या सायकलची मागची दोन चाके तयार झाली. मुलाला सकाळपर्यंत धीर कुठला निघणार! रात्रीचे दहा वाजत आले होते. आकाशात पौर्णिमेचा चंद्र होता. जॉनी सायकल घेऊन बाहेर पडला. पण त्या रात्री नेमके चंद्रग्रहण होते. अंधार झाला, तसा तो घरी परतला. ग्रहण सुटल्यावर तो पुन्हा बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी वडिलांनी टायर नीट तपासले. रबरावर ओरखडाही नव्हता.

डनलॉप यांनी आपल्या शोधाची सरकारदरबारी नोंद करण्यासाठी अर्ज केला आणि डिसेंबर १८८८ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. पेटंट म्हणजे शोध लावणाऱ्याला मिळणारा हक्क. ठरावीक वर्षांपर्यंत त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कोणाला ती वस्तू बनवता येत नाही. याच १८८८ साली इकडे बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी सायकलचे छोटे दुकान सुरू केले होते. पुढे त्यातूनच मोठा उद्योग उभा राहिला. म्हणजे सायकल तेव्हा आपल्याकडेही नवीच होती.

पण नवी वस्तू लोकांच्या गळी उतरवणे सोपे नसते. डनलॉप यांचा जाडजूड टायर पाहून लोक हसत. टायर नव्हे, ही तर भरलेली आतडी, असे त्यांना वाटे. त्या काळी शर्यतीची सायकल म्हणजे बारीक, कडक चाकांची. चाक जितके कडक तितका वेग जास्त, ही सर्वांची पक्की समजूत होती. विल्यम ह्यूम नावाच्या एका सायकलपटूने मात्र हे टायर बसवलेली सायकल घेतली. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर शर्यती होत्या. ह्यूम मैदानात आले तेव्हा प्रेक्षकांत हशा पिकला. शर्यती सुरू झाल्या आणि हशा थांबला. ह्यूम यांनी त्या दिवशीच्या चारही सायकल शर्यती जिंकल्या. ते काही आयर्लंडचे सर्वात नामवंत सायकलपटू नव्हते. फरक होता तो चाकांचा.

शर्यतीसाठी कोणते चाक निवडावे, हा प्रश्न त्या दिवसापासून आजपर्यंत चालू आहे. आता तो मोटारींच्या बाबतीत विचारला जातो. सरळ रस्त्यावर सुमारे ४०२ मीटर अंतर कोण आधी कापतो, अशी एक शर्यत असते. तिला ड्रॅग रेस म्हणतात. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या विमान धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत. रोजच्या वापरातील मोटारीही त्यांत उतरतात. तिथे मोठे इंजिन असूनही चालक हरू शकतो. सुरुवातीला जोर फार असतो. टायरने जमीन पकडली नाही, तर चाक जागीच गरगरते, धूर निघतो आणि गाडी पुढे सरकत नाही. म्हणून ज्या चाकांना इंजिन फिरवते, त्या चाकांवर मऊ रबराचे, रुंद टायर बसवतात आणि त्यांतील हवा थोडी कमी करतात. हवा कमी झाली की टायर जमिनीवर जास्त पसरतो आणि पकड वाढते. काही गाड्यांत इंजिन मागची चाके फिरवते, तर आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत पुढची. म्हणून मऊ टायर पुढे की मागे, हे आधी गाडी पाहून ठरवावे लागते. बाकीच्या दोन चाकांना नुसते घरंगळायचे असते. ती अरुंद आणि हलकी असली तर बरे, कारण जड चाक फिरवायलाही जोर लागतो. पण कमी हवेच्या टायरवर लांबचा प्रवास करू नये. टायर सारखा दबतो, तापतो आणि फाटू शकतो. तुमच्या सायकलचेही तसेच आहे. हवा कमी असली की पाय दुखतात आणि खड्ड्यात ट्यूब चिमटून पंक्चर होते. आणि हो, अशी शर्यत बंद धावपट्टीवरच व्हावी. हिंगोलीच्या रस्त्यावर कोणी असे करू लागला, तर त्याला शर्यतवीर कोणी म्हणणार नाही.

आता डनलॉप यांच्याकडे परत येऊ. ह्यूम यांनी ज्यांना हरवले, त्यांत ड्यू क्रॉस नावाच्या डब्लिनमधील व्यापाऱ्याचे मुलगे होते. मुलगे हरले म्हणून बाप रागावला नाही. त्याने त्या टायरचे मोल ओळखले. १८८९ च्या अखेरीस डब्लिनमध्ये टायर बनवणारी कंपनी उभी राहिली. डनलॉप तिच्यात सामील झाले. सगळे सुरळीत होणार असे वाटत असतानाच १८९० मध्ये एक बातमी आली. डनलॉप यांचे पेटंट रद्द ठरले.

कारण काय? रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या स्कॉटलंडच्याच एका तरुणाने १८४५ मध्ये, म्हणजे ४० हून अधिक वर्षे आधी, हवेच्या चाकाचे पेटंट घेतले होते. त्या वेळी तो अवघा २३ वर्षांचा होता. लंडनच्या एका बागेत घोडागाडीला अशी चाके लावून त्याने ती चालवून दाखवली होती. पण तेव्हा सायकली नव्हत्या, मोटारी नव्हत्या आणि चांगले पातळ रबर मिळत नव्हते. लोक ते चाक विसरून गेले. थॉमसन १८७३ मध्ये वारला. आपली कल्पना जगभर धावणार आहे, हे त्याला कळलेच नाही.

डनलॉप यांनी थॉमसनची कल्पना चोरली होती का? नाही. त्यांना त्याचे नावही ठाऊक नव्हते. त्यांनी सगळे स्वतःच्या डोक्याने आणि स्वतःच्या हातांनी केले होते. पण कायदा एवढेच पाहतो की आधी कोण. हा निकाल चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. तरी तो वाचताना अंगणात तबकडी घरंगळत सोडणारे डॉक्टर डोळ्यांसमोर येतात आणि वाईट वाटते.

कंपनी मात्र बुडाली नाही. टायर चाकावर घट्ट बसवण्याच्या आणि सहज काढण्याच्या युक्त्या दुसऱ्या लोकांनी शोधल्या होत्या. कंपनीने त्यांचे हक्क विकत घेतले आणि धंदा वाढवला. पुढे मोटारी आल्या. १८९५ मध्ये फ्रान्समध्ये पॅरिसहून बोर्दो आणि परत अशी मोटारींची मोठी शर्यत झाली. मिशलँ बंधूंनी तिच्यात हवेच्या टायरची गाडी उतरवली. ती वाटेत पुन्हा पुन्हा पंक्चर झाली, पण मोटार हवेवर धावू शकते हे जगाने पाहिले. त्याच सुमारास डनलॉप कंपनीतून बाहेर पडले. १८९६ मध्ये ड्यू क्रॉस यांनी कंपनी ३० लाख पौंडांना विकली. डनलॉप यांच्या वाट्याला त्यातले फारसे काही आले नाही.

गंमत पाहा. टायरवर नाव डनलॉप यांचे, आणि कंपनी दुसऱ्यांची. त्या नावाचे टायर हिंदुस्थानातही आले. १९३६ मध्ये बंगालमधील साहागंज येथे त्या नावाचा मोठा कारखाना निघाला. नावापुरते हे ठीक होते. पण कंपनीने जाहिरातींत त्यांचे चित्रही छापले. त्या चित्रात उंच टोपी घातलेला एक छानछोकी म्हातारा दाखवला होता. साधेपणाने राहणाऱ्या डनलॉप यांना ते मुळीच आवडले नाही आणि त्यांनी त्याला हरकत घेतली. पैसा गेला त्याबद्दल त्यांनी जन्मभर आरडाओरड केली नव्हती. आपले खोटे रूप मात्र त्यांना सहन झाले नाही.

ऑक्टोबर १९२१ मध्ये त्यांना थंडी बाधली आणि २३ ऑक्टोबरला डब्लिन येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी टायरच्या शोधाविषयी लिहून ठेवलेली टिपणे पुढे त्यांच्या मुलीने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. ग्रहणाच्या रात्रीची जॉनीची हकीकत त्यातच आहे. त्यांनी बनवलेला एक जुना टायर एडिंबरोच्या संग्रहालयात जपून ठेवला आहे. तो तुम्ही पाहिलात तर कदाचित टायर म्हणून ओळखणार नाही, कारण तो काळा नाही. त्या वेळी टायर फिकट रंगाचे असत. रबर टिकाऊ व्हावे म्हणून त्यात काजळी मिसळण्याची रीत नंतर आली आणि तेव्हापासून जगातले टायर काळे झाले.