छात्रालयाची माउली

पावस हे गाव स्वामी स्वरूपानंदांमुळे सर्वविश्रुत झाले आहे. त्याच रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यात, पालगड नावाचे खेडे आहे. तेथे २४ डिसेंबर १८९९ रोजी पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म झाला. घराणे खोताचे; परंतु वैभव ओसरून दारिद्र्य आलेले. मातोश्री यशोदाबाई यांनी पुत्रास कधी धाकाने, बहुधा ममतेने वळण लाविले. दापोलीच्या मिशन हायस्कुलात ते काही काळ शिकले, ही गोष्ट आम्हां मिशन शाळेच्या शिक्षकांस अभिमानाची वाटते. १९१७ साली मातोश्री निवर्तल्या. तथापि हाल सोसून ते एम्. ए. झाले.

१९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले व पुढे छात्रालयाचा भार त्यांजकडे आला. घरापासून दूर असलेली मुले कशी बहकतात हे आम्हांस ठाऊक आहे. चोरून विडी ओढणे, रात्री भिंतीवरून उडी टाकून बाहेर जाणे, खोटे बोलणे, हे त्या वयाचे नेहमीचे धोके होत. त्यावर छडी, दंड व हकालपट्टी हेच उपाय पुष्कळांस सुचतात. साने गुरुजींनी दुसरा मार्ग धरिला. मुले शाळेत गेली म्हणजे ते त्यांच्या खोल्या झाडीत, अंथरुणे नीट ठेवीत, कंदिलाच्या काचा पुसीत, मळके कपडे धुऊन टाकीत. आजारी मुलाच्या उशाशी ते रात्र काढीत. आपला पसारा गुरूने आवरावा याची मुलांस लाज वाटू लागली व ती स्वतः आवरू लागली. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्याच जातीची ही शिस्त होय.

मोकळ्या मनात कुविचार शिरतात, हे जाणून ते स्वहस्ते ‘छात्रालय दैनिक’ लिहीत. त्यात देशोदेशीच्या वार्ता व थोरांची चरित्रे मुलांस वाचावयास मिळत. १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात पडले. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले, आणि ते मंदिर खुले झाले.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांस शारीरिक शिक्षा व मानसिक छळ करण्यास बंदी घातली. तत्पूर्वी आमच्या हातूनही क्वचित छडी उगारली गेली. तिने मुले गप्प झाली, सुधारली असे मात्र म्हणवत नाही. विडीच्या जोडीस आता मोबाईल आला आहे. मुलांचे एकटेपण तेच आहे.

एक दुःखद गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. स्वातंत्र्यानंतरच्या निराशेने खचून ११ जून १९५० रोजी गुरुजींनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. शेकडो मुलांची अंथरुणे आवरणाऱ्या त्या माउलीच्या मनावरचा भार कोणास उतरविता आला नाही. विद्यार्थी बंधुभगिनींनो, त्यांची सेवा अनुकरणीय आहे, अंत नव्हे. मन जड झाले तर आईबापांस, मित्रास, अथवा आम्हां शिक्षकांस येऊन सांगा. आमचे दार रात्रीही उघडे आहे. आणि ते उघडे ठेवणे हीच आमची पहिली शिस्त असली पाहिजे.