शाहू छत्रपती आणि शाळेची हजेरी

आपल्या निपाणी भागात विड्या वळून पोट भरणाऱ्या घरांत आई कामाला बसली की तान्हे मूल थोरल्या मुलीच्या कडेवर यावे, आणि हजेरीपटावर तिची गैरहजेरी पडावी, हे भाविक वाचकांनी पाहिलेले आहे. अशा घरांची अडचण ज्या राजाने जाणली, त्याचे हे अल्प चरित्र.

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलकर घाटगे घराण्यात झाला. १८८४ साली ते करवीरच्या गादीवर दत्तक आले. पुढे धारवाड येथे शिकले आणि १८९४ साली त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. आज बेळगाव जिल्ह्यात असलेले रायबाग तेव्हा त्यांच्याच राज्यात होते.

महाराजांचे नाव निघताच पुष्कळांना दंडाचा रुपया आठवतो. १९१७ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले व मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरविला. रुपया गाठीस बांधण्यास मजुराला त्या काळी कित्येक दिवस राबावे लागे. एवढेच ऐकले तर हा राजा कठोर वाटेल. परंतु दंडाच्या आधी काय घडले, ते फारसे कोणी सांगत नाही.

शेतकऱ्याचा मुलगा हुशार निघाला, तरी कोल्हापुरात त्याने राहावे कोठे व खावे काय? १८९६ साली महाराजांनी सर्व जातींसाठी वसतिगृह काढले. थोड्याच वर्षांत तेथे ब्राह्मण विद्यार्थी तेवढे उरले. (पुजाऱ्याच्या घरी जन्मलेल्या मला हे लिहिताना संकोच होतो, पण खरे ते लिहिलेच पाहिजे.) तेव्हा १९०१ पासून त्यांनी मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत अशा निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना आश्रय दिला. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क वसतिगृह निघाले. पुढे १९१७ च्या जुलै महिन्यात प्राथमिक शाळांतील फी माफ झाली. दंडाचा कायदा त्यानंतर आला, आणि १९१८ साली करवीर पेट्यातील चिखली गावी त्याची अंमलबजावणी सुरू झाली. जेथे शाळेला इमारत नव्हती तेथे चावडी, धर्मशाळा, देवळेही वर्गासाठी उघडण्यात आली.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे देहावसान झाले. वय अवघे सत्तेचाळीस. सक्तीच्या कायद्याला तेव्हा पाच वर्षेही झाली नव्हती. मराठा वसतिगृहाला मात्र एकवीस वर्षे होऊन गेली होती.