सलीम अलींनी भरतपूरचं पाणथळ वाचवलं, पण म्हशींबाबतचा त्यांचा अंदाज मात्र चुकला

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईचा. आईवडील लहानपणीच गेले, मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी सांभाळलं. एकदा छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कुठली चिमणी, हे विचारायला पोरगं बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेलं आणि कायमचं पक्ष्यांच्या नादाला लागलं.

विद्यापीठाची पदवी नव्हती, त्यामुळे नोकरीसाठी वणवण झाली. तरी पठ्ठ्याने बर्लिनला जाऊन शिक्षण घेतलं आणि परतल्यावर अलिबागजवळच्या किहीममध्ये सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. १९४१ साली त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं आणि सामान्य माणूसही पक्षी ओळखू लागला.

आता येऊ भरतपूरकडे. राजस्थानातलं हे पाणथळ म्हणजे महाराजांचं शिकारीचं मैदान. १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगोच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. स्वातंत्र्यानंतर पाणी काढून तिथे शेती करायची मागणी झाली.

सलीम अलींनी हा विषय थेट पंतप्रधान नेहरूंपर्यंत नेला आणि पाणथळ वाचलं. हे पाणी फक्त राजस्थानचं नव्हतं. उन्हाळ्यात लडाख आणि तिबेटच्या उंच सरोवरांवर पिल्लं वाढवणारे पट्टकादंब हिवाळ्यात हिमालय ओलांडून खाली उतरतात. वरचं सरोवर राखलं आणि खालचं आटवलं, तर पक्षी उतरणार कुठे? सलीम अलींनी दोन्ही टोकं पाहिली. १९४५ मध्ये ते मानसरोवरला गेले, तर १९७६ मध्ये ऐंशीव्या वर्षी काळ्या मानेच्या क्रौंचांसाठी लडाखला.

१९८२ मध्ये भरतपूर राष्ट्रीय उद्यान झालं. म्हशींच्या चराईने पाणथळाचं नुकसान होतं, असं सलीम अलींचंही मत होतं. चराईवर बंदी आली. पिढ्यान्‌पिढ्या तिथे गुरं चारणारे गावकरी भडकले, पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली.

पुढे काय झालं? म्हशी गेल्या आणि गवत माजलं. उघडं पाणी कमी झालं, तसे पाणपक्षीही घटले. म्हशींचं चरणं या पाणथळाला हवंच होतं, हे दाखवणारा दीर्घ अभ्यास केला तो सलीम अलींच्याच सोसायटीने. त्याचा अहवाल १९९१ ला आला. सलीम अली २० जून १९८७ लाच गेले होते.

आज ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य भिवंडीतल्या शेलारपासून फार लांब नाही. तिथेही पक्ष्यांइतकाच काठावरच्या मच्छीमारांचा विचार करावा लागतो; भरतपूरचा धडाही हाच.