कै. नारायण वामन टिळक : गृहस्थाश्रमी प्रभुसेवक

महोत्सवाच्या मंगल प्रसंगी आपल्या आधी श्रद्धेची वाट चाललेल्या पुण्यशील जनांचे स्मरण करावे, अशी आपल्या ख्रिस्तसभेची जुनी रीत आहे. त्या रीतीस अनुसरून ह्या स्मरणिकेत आम्ही कै. नारायण वामन टिळक ह्यांचे चरित्र थोडक्यात वाचकांपुढे ठेवीत आहो. टिळक कॅथोलिक नव्हते. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत त्यांची सेवा घडली. मग त्यांचे स्मरण आपल्या पुस्तिकेत कशासाठी, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्ती ऐक्याविषयी जे फर्मान काढले, त्यात विभक्त बंधूंच्या ठायी असलेल्या ख्रिस्ती सद्गुणांचा आनंदाने आदर करावा, अशी शिकवण आहे. शिवाय आपली चिखली ही टाळगाव चिखली म्हणून ओळखली जाते. एका अंगास देहू, दुसऱ्या अंगास आळंदी, आणि मधून इंद्रायणी वाहते. तुकोबांच्या अभंगवाणीच्या पुलावरून आपण ख्रिस्तचरणांशी पोहोचलो असे जो भक्त सांगत असे, त्याची ओळख ह्या गावच्या ख्रिस्ती जनांस नसावी, हे आम्हांस उचित वाटत नाही.

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ साली एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव मोठे कडक स्वभावाचे. आई जानकीबाई मात्र प्रेमळ व भाविक होत्या. बाळपणीच मातृछत्र हरपले, आणि घरात मन रमेना म्हणून हा मुलगा नाशिकास गेला. तेथे गणेशशास्त्री लेले ह्यांच्यापाशी त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. पुढे नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका हिच्याशी त्यांचा विवाह झाला. हीच मुलगी पुढे लक्ष्मीबाई टिळक ह्या नावाने महाराष्ट्रास ठाऊक झाली.

ह्या दांपत्याचा आरंभीचा संसार सुखाचा होता असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. टिळक अत्यंत लहरी होते. न सांगता घराबाहेर पडावे, मिळालेला पैसा समोर येईल त्या गरजवंतास देऊन टाकावा, क्षणात संतापावे आणि क्षणात पाघळावे, असा त्यांचा क्रम असे. पत्नीस अक्षरओळख त्यांनीच करून दिली, पण शिकविता शिकविता रागावून पाटी बाजूस टाकणारेही तेच. संत घडताना मनुष्य मनुष्यच असतो, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. नाही तर थोरांची चरित्रे वाचून आपणांस नुसता संकोच वाटेल, हिंमत येणार नाही.

नागपुरास असताना टिळकांनी श्रीमंत आप्पासाहेब बुटी ह्यांच्या आश्रयाने ग्रंथसंशोधन केले, ‘ऋषि’ नावाचे मासिक चालविले, आणि जातिभेदाने पोखरलेल्या ह्या देशास एकत्र बांधणारा धर्म कोणता, ह्याचा ते रात्रंदिवस विचार करू लागले. १८९३ साली आगगाडीने राजनांदगावकडे जाताना डब्यात एका युरोपियन गृहस्थाशी त्यांचे बोलणे झाले. त्याने एक पवित्र शास्त्र त्यांच्या हाती दिले आणि ते मन लावून वाचण्याचे वचन घेतले. त्या गृहस्थाचे नाव टिळकांस कधीच कळले नाही. वचन दिले म्हणून ते वाचू लागले, आणि संत मात्थीच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी येताच त्यांचे चित्त जडले. शत्रूवर प्रीती करा, ह्या आज्ञेत आपल्या सर्व शंकांचे उत्तर आहे असे त्यांस वाटले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत एका भारतीय पाळकाच्या हातून त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथूनच त्यांच्या खऱ्या कसोटीस प्रारंभ झाला. त्या काळी ब्राह्मणाने बाप्तिस्मा घेणे म्हणजे जिवंतपणी आप्तांस मरणे होय. लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळले. लहानग्या दत्तूस घेऊन त्या नातलगांच्या आश्रयास राहिल्या, आणि जवळजवळ पाच वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. ह्या अवधीत दुसरा विवाह करून मोकळे होण्याचा विचारही टिळकांच्या मनास शिवला नाही. ते पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. जी आज्ञा त्यांनी पुस्तकात वाचली होती, ती आता त्यांस स्वतःच्या घरात आचरावयाची होती.

अखेरीस लक्ष्मीबाई नगरास पतीकडे आल्या. पण आपला धर्म, आपले सोवळे आणि आपला स्वयंपाक वेगळा ठेवून. टिळकांनी ते सर्व मान्य केले. धर्माच्या बाबतीत पत्नीवर जबरदस्ती करावयाची नाही, हा त्यांचा निश्चय होता. पुढे लक्ष्मीबाईंनी स्वतःच विचार केला की, ही जात देवाने केली की माणसाने. आणि माणसाने केली असे मनास पटताच त्यांनी सोवळे टाकले. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. आम्हांस वाटते, टिळकांच्या हातून जेवढी म्हणून सुवार्तेची सेवा घडली, तीत ही सर्वांत अवघड होती. कारण ती त्यांनी वाद घालून नव्हे, तर धीर धरून केली.

ह्यानंतरचे टिळकांचे नगरचे घर म्हणजे जणू एक धर्मशाळाच होती. दुष्काळाचे आणि प्लेगाचे ते दिवस. अनाथ मुले, गरीब विद्यार्थी, वाट चुकलेले तरुण, सर्वांस तेथे थारा असे. तारा नावाच्या मुलीस ह्या दांपत्याने पोटच्या लेकीप्रमाणे वाढविले. १९०७ साली जळगावास भरलेल्या कविसंमेलनात चमकलेला कोवळा कवी त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच बालकवी, ह्यासही टिळकांनी पुढे आपल्या घरी पुत्रवत् ठेवून घेतले. पिता ह्या नात्याने टिळकांचे मन किती हळवे होते, ते त्यांच्या ‘बापाचे अश्रू’ ह्या काव्याच्या नावावरूनच उमगते. फुलांचे आणि मुलांचे कवी म्हणून महाराष्ट्राने त्यांस ओळखले, ते उगीच नव्हे.

१९०४ साली त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. ते धर्मशाळेत शिकवीत, ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन १९१२ पासून अखेरपर्यंत त्यांनी केले, आणि टाळ-मृदंगाच्या साथीने ख्रिस्ती कीर्तने करून प्रभूची कथा खेडोपाडी नेली. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध करून ख्रिस्तकथेस ओवीचा वेष दिला होता. त्याच वाटेने तीन शतकांनंतर टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ रचावयास घेतले. त्यांचे अभंग ‘अभंगांजली’त संग्रहीत आहेत.

१९१७ साली त्यांनी मिशनच्या वेतनाचा त्याग केला आणि सातारा येथे राहून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, असे सर्व ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. आपल्या ख्रिस्तसभेच्या शिकवणीप्रमाणे बाप्तिस्मा हे ख्रिस्तसभेचे प्रवेशद्वार होय. म्हणून त्या कल्पनेशी आपण सर्वस्वी सहमत होऊ शकत नाही, आणि त्यांच्या काळच्या स्वकीयांतही तीविषयी मतभेद होते. तथापि वृद्धत्वाकडे झुकलेल्या, प्रापंचिक जबाबदारी असलेल्या मनुष्याने नियमित पगार सोडून देवाच्या भरवशावर राहावे, ह्या श्रद्धेपुढे आमचे मस्तक नम्र होते. त्या त्यागाचा भार लक्ष्मीबाईंनीही वाहिला, हे येथे नमूद केले पाहिजे.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांस देवाज्ञा झाली. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी हाती घेऊन पुढे नेले. त्याही १९३६ साली निवर्तल्या, आणि १९३८ साली पुत्र देवदत्त ह्यांनी तो ग्रंथ प्रसिद्ध केला. जिने एके काळी पतीच्या हातचे पाणी वर्ज्य मानले, तिनेच त्याची ओवी पुरी करावयास घेतली, आणि मुलाने ती जगापुढे आणली. एका कुटुंबाने मिळून केलेली ह्याहून सुंदर प्रार्थना आम्हांस ठाऊक नाही. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ तर मराठी भाषेचे भूषण होऊन बसली आहेत.

आपल्या चिखली परिसरातील पुष्कळ कुटुंबे नगर जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरातून, कारखान्यांत पोट भरावयास आलेली आहेत. पाळ्यांची नोकरी, घराचे हप्ते, मुलांचे शिक्षण ह्यांत दिवस कसा मावळतो ते कळत नाही, आणि प्रभुसेवा हे धर्मगुरूंचे व धर्मभगिनींचे काम, असे म्हणून आपण मोकळे होतो. टिळकांचे चरित्र आपणांस ही पळवाट ठेवीत नाही. संसार हा त्यांच्या सेवेस आड आला नाही; संसार हेच त्यांचे पहिले सेवाक्षेत्र होते. घरातील मतभेद धीराने सोसणारा पती, परक्याच्या लेकरास आपल्या ताटात घेणारा पिता, आणि आपल्या मायबोलीत देवाचे नाव घेणारा भक्त, असे गृहस्थ आपल्या धर्मग्रामात घरोघरी निपजोत, आणि ह्या महोत्सवाचे फळ म्हणून प्रभू आपणां सर्वांस तशी कृपा देवो, हीच आमची त्याच्या चरणी प्रार्थना.