दीनबंधू अँड्र्यूज

आपल्या स्मरणिकेत बहुधा थोर स्त्रियांची चरित्रे येतात. यंदा मी एका पुरुषाविषयी लिहीत आहे, आणि तोही इंग्रज! मैत्रिणींना याचे नवल वाटेल. पण परक्या लोकांत जाऊन, त्यांच्यावर उपकार केल्याचा आव न आणता, त्यांच्यातलेच एक होऊन कसे राहावे, हे या माणसाच्या आयुष्यात मला फार स्पष्ट दिसले. त्यांचे नाव चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज. लोक त्यांना दीनबंधू म्हणत.

त्यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८७१ रोजी इंग्लंडात न्यूकॅसल येथे झाला. वडील धर्मोपदेशक होते. केंब्रिजला शिक्षण झाल्यावर काही वर्षे त्यांनी दक्षिण लंडनच्या गरीब वस्तीत काम केले, आणि १९०४ साली ते दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात शिकवायला आले.

तेथे लवकरच कॉलेजच्या प्रिन्सिपॉलची जागा रिकामी झाली. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे ती इंग्रजालाच मिळायची, आणि अँड्र्यूज यांचे नाव पुढे होते. पण तेथे सुशीलकुमार रुद्र नावाचे बंगाली गृहस्थ कितीतरी आधीपासून शिकवीत होते. अनुभवाने ते वडील, योग्यतेने कमी नाहीत. मग ते केवळ हिंदी आहेत म्हणून मागे का राहावेत? अँड्र्यूज यांनी स्वतः ती जागा नाकारली आणि रुद्र यांच्यासाठी आग्रह धरला. १९०६ साली रुद्र प्रिन्सिपॉल झाले. हिंदी माणसाच्या हाताखाली साहेबाने नोकरी करणे हे पुष्कळांना रुचणारे नव्हते. अँड्र्यूज मात्र आनंदाने ती करीत राहिले, आणि दोघांचा स्नेह अखेरपर्यंत टिकला.

पुढे १९१३ साली दक्षिण आफ्रिकेत आपल्या लोकांचा लढा पेटला. गिरमिट संपवून तेथेच राहिलेल्या मजुरांवर तीन पौंडांचा कर होता. त्यातच, ख्रिस्ती पद्धतीने न झालेली लग्ने कायदेशीर नव्हेत असा निकाल तिथल्या न्यायाधीशाने दिला. म्हणजे हजारो सौभाग्यवती एका दिवसात कुणीच नाहीत अशा ठरल्या! कस्तुरबांसह कितीतरी स्त्रिया तुरुंगात गेल्या. इकडे आपले नामदार गोखले प्रकृती ढासळलेली असताना त्या लढ्यासाठी निधी जमवीत होते. अँड्र्यूज यांनी आपली होती नव्हती ती पुंजी त्यांच्या हवाली केली, आणि त्यांच्याच सांगण्यावरून आपले मित्र पिअर्सन यांच्यासह आफ्रिकेला निघाले.

१९१४ च्या जानेवारीत ते दरबानच्या धक्क्यावर उतरले. गांधीजी मजुराच्या साध्या वेषात, डोक्याचे मुंडन केलेले असे उभे होते. अँड्र्यूज यांनी ते कोणते हे विचारून घेतले आणि सर्वांच्या देखत वाकून त्यांच्या पायांना हात लावला. वडील माणसाला असा नमस्कार करणे आपल्या घरी रोजचे. पण गोऱ्या माणसाने हिंदी माणसाचे पाय शिवावेत यावर तिथल्या गोऱ्यांनी केवढे काहूर माजविले! त्याच महिन्यात विलायतेत त्यांच्या मातोश्री वारल्या. तरीही हाती घेतलेले काम टाकून ते परतले नाहीत. गांधीजी आणि जनरल स्मट्स यांच्यात समेट घडावा म्हणून ते झटत राहिले.

त्यांचे सर्वांत मोठे काम मात्र फिजी बेटांतले. १८७९ पासून सुमारे साठ हजार हिंदी माणसे उसाच्या मळ्यांवर कामाला तिकडे नेली होती. पाच वर्षांच्या 'अ‍ॅग्रीमेंट'चे मजुरांच्या तोंडी 'गिरमिट' झाले. आपल्याकडे सुताराच्या हत्यारालाही गिरमिट म्हणतात; लाकडात शिरावे तसेच हे माणसाच्या आयुष्यात शिरे. शंभर पुरुषांमागे चाळीस बायका न्यायच्या, असा हिशेब असे. राहायला 'लाइनी': दहा फूट लांब, सात फूट रुंद खोली, तिच्यात तीन एकटे पुरुष, नाहीतर एक जोडपे आणि त्यांची मुले. मधली भिंत छपरापर्यंत पोचतही नसे. अशा ठिकाणी बाईमाणसाची अब्रू कशी राहणार? मुकादमांचा आणि गोऱ्या ओव्हरसियरांचा जाच वेगळाच. गळफास लावून सुटका करून घेणारे कितीतरी निघाले.

१९१५ साली पटकीच्या दुखण्यातून उठलेले अँड्र्यूज पिअर्सन यांना घेऊन फिजीला गेले. लाइनींत जाऊन त्यांनी मजुरांचे ऐकले, मळेवाल्यांचेही ऐकले, आणि पुढच्या वर्षी सारे लिहून छापले. ते वाचून हिंदुस्थान हळहळला. गावोगाव सभा झाल्या. १९१७ साली स्त्रियांचे एक शिष्टमंडळ व्हाइसरॉयकडे गेले. दूर समुद्रापलीकडच्या, नाव-गाव-जात ठाऊक नसलेल्या बहिणींसाठी आपल्या देशातल्या स्त्रिया उभ्या राहिल्या, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्याच वर्षी मजूर नेणे थांबले. अँड्र्यूज पुन्हा फिजीला जाऊन आले, आणि १ जानेवारी १९२० रोजी उरलेल्यांचेही गिरमिट रद्द झाले.

जालियनवाला बागेनंतर पंजाबात खेडोपाडी फिरून त्यांनी आपल्या देशबांधवांच्या वतीने लोकांची क्षमा मागितली. १९२४ साली हिंदू-मुसलमान ऐक्यासाठी गांधीजींनी दिल्लीत एकवीस दिवसांचा उपवास केला, तेव्हा ते त्यांच्या उशापाशी होते. संसार त्यांनी केला नाही. शांतिनिकेतन हेच घर. अंगावरचे कपडेही गरजूला देऊन टाकायचे. इंग्रजांना ते घरभेदे वाटत, तर काही हिंदी लोकांना सरकारचे हेर! दोन्ही बाजूंचे बोल त्यांनी सोसले. ५ एप्रिल १९४० रोजी कलकत्त्यात त्यांचे देहावसान झाले.

आता आपल्या मंडळाविषयी दोन शब्द. पलीकडच्या वस्तीतल्या मुलींसाठी आपण शिवणवर्ग चालवितो, दिवाळीला फराळ नेतो. हे चांगलेच आहे. पण कोणत्या वेळी वर्ग भरवावा, काय शिकवावे, हे ठरविणाऱ्या आपल्या कार्यकारिणीत त्या वस्तीतली एकही भगिनी नाही. अँड्र्यूज यांनी रुद्र यांना मदतनीस करून घेतले नाही. खुर्चीवर त्यांना बसविले आणि आपण त्यांच्या हाताखाली काम केले. वर्गात सर्वांत सुबक हात असलेली आणि इतरांना सांभाळून शिकविणारी बाई त्या वस्तीतलीच आहे. येत्या वार्षिक सभेत कार्यकारिणीसाठी मी तिचे नाव सुचविणार आहे, आणि जागा हवी असेल तर माझी आहे. मैत्रिणींनी अनुमोदन द्यावे, अशी विनंती.