जुन्या गोव्यातील रुपेरी पेटी

दरवर्षी ३ डिसेंबरास जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांचे फेस्त भरते. आमच्या राजारामपुरीतून मंगेशी-शांतादुर्गेच्या दर्शनास जाणारी कुटुंबे त्याच फेरीत बॉम जेझसच्या मंदिरातही डोकावतात आणि उंचावरील रुपेरी पेटीस हात जोडतात. ते कोणापुढे जोडले, हे भाविकांस ठाऊक असावे.

झेवियर यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी स्पेनकडील नवारच्या एका सरदार घराण्यात झाला. पॅरिसच्या विद्यापीठात इग्नेशियस लोयोला यांचा सहवास घडला आणि तरुण पंडिताची ऐहिक उमेद मावळली. १५३४ साली दोघांनी इतर सोबत्यांसह दारिद्र्याचे व ब्रह्मचर्याचे व्रत घेतले. पुढे त्यातूनच येशूसंघ उभा राहिला. पोर्तुगालच्या राजाच्या विनंतीवरून झेवियर तेरा महिन्यांचा प्रवास करून ६ मे १५४२ रोजी गोव्यास उतरले. तेथे ते रुग्णालयात राबले, बंदिवानांस व महारोग्यांस भेटले. हाती घंटा घेऊन रस्तोरस्ती मुले गोळा करीत आणि प्रार्थना गाऊन शिकवीत. चाली लावून धर्म शिकविण्याचे मर्म आम्हां कीर्तनकारांस निराळे सांगावयास नको!

परंतु चरित्र सांगावयाचे तर पुरते सांगावे. दक्षिणेच्या किनाऱ्यावर नवख्रिस्ती मुलांनी मूर्ती फोडल्या, याचा त्यांस आनंद वाटे. १५४६ साली मोलुक्का बेटांतून त्यांनी पोर्तुगालच्या राजास पत्र धाडून गोव्यात धर्मन्यायासन मागितले. ते १५६० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, स्थापन झाले. त्याच वर्षी श्रीमंगेशास कुशस्थळी सोडून प्रियोळास जावे लागले. पुढे शांतादुर्गाही केळशीहून कवळ्यास आली. ज्या देवांच्या दर्शनास आपण जातो, त्यांच्या स्थलांतराची कथा या संताच्या कथेस अशी जोडलेली आहे. ती आम्ही झाकीत नाही आणि त्यापायी त्यांची रुग्णसेवाही खोटी मानीत नाही.

मलाक्का, मोलुक्का, जपान असे फिरत ते चीनच्या दारी पोहोचले. आत प्रवेश मिळण्यापूर्वीच ३ डिसेंबर १५५२ रोजी शांगचुआन बेटावर, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. तो देह १५५४ च्या मार्चमध्ये गोव्यास आणला गेला. १६२२ साली त्यांस संतपद मिळाले.

आता ती पेटी. मास्त्रिल्ली नावाच्या इटालियन धर्मगुरूच्या पुढाकाराने १६३६-३७ साली गोव्याच्याच सोनारांनी ती घडविली. चारी बाजूंस चरित्रातील बत्तीस प्रसंग चांदीच्या पत्र्यांवर उठावात काढले आहेत. आराखड्यात इटालियन वळण, हात मात्र येथलाच. आमच्या गुजरीतील किंवा हुपरीतील कसबी माणसाने ती पाहिली, तर प्रभावळीचे ठोकीव काम त्यास आठवेल. गंमत अशी की, १५६७ च्या गोव्यातील धर्मसभेने अन्यधर्मीय कारागिरांकडून पूजावस्तू करवून घेण्यास मनाई केली होती; तरीही कारागिरीचे येथले वळण ख्रिस्ती मंदिरांतून पुसले गेले नाही. पेटीखालचा संगमरवरी चौथरा फोगिनी या फ्लोरेन्सच्या शिल्पकाराचा. टस्कनीच्या राजाची ती भेट १६९८ साली येथे बसविली गेली.

दर दहा वर्षांनी संताचे अवशेष दर्शनास काढतात. अलीकडे २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात ते काचेच्या पेटीत ठेवून समोरच्या से कॅथेड्रलमध्ये नेले होते, आणि त्या रांगेत सर्व धर्मांची माणसे उभी होती.